विद्यापीठ बांधावर कसे येईल? पाचटाच्या निमित्ताने एक धडा



हवामानबदल हा शब्द पूर्वी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असायचा. आता तो गावच्या पारावर येऊन बसला आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या काठचा ऊस दिवसच्या दिवस पुराच्या पाण्याखाली राहिला. पुढे चारच वर्षांनी, २०२३ चा ऑगस्ट हा देशभराचा हिशेब धरता १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एका वर्षी ऊस कुजतो आणि दुसऱ्या वर्षी वाळतो. बारा ते अठरा महिने रानात उभ्या राहणाऱ्या पिकाला असा लहरी पाऊस झेपणारा नाही, हे आपणांस कोणी शिकवायला नको.

या बाबतीत कृषी विद्यापीठाचा आपल्याला काय उपयोग, आणि विद्यापीठाला आपला काय उपयोग, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. नुसत्या मोठमोठ्या गोष्टी न बोलता आम्ही एकच काम उदाहरणाला घेतो. ते म्हणजे तुटलेल्या उसाचे पाचट.

१) विद्यापीठाचे काम कोणते?

शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी कृषी विद्यापीठाची तीन कामे मानली जातात. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र तर त्याहून जुने, १९३२ सालचे. को ८६०३२ हा वाण १९९६ साली 'नीरा' या नावाने आपल्या हाती आला आणि पुढे 'फुले २६५' आला. या वाणांसाठी कोणाला दारोदार हिंडावे लागले नाही. शेजाऱ्याच्या रानात ऊस बघितला, कांड्या मोजल्या, उतारा विचारला आणि बेणे आणले. झाला प्रसार!

पण येथेच एक मेख आहे. वाण बेण्याच्या मोळीतून गावभर पसरतो, पद्धत तशी पसरत नाही. पाचट ठेवणे, पाणी मोजून देणे, माती तपासून खत टाकणे या सगळ्या पद्धती आहेत. त्या मोळीत बांधून आणता येत नाहीत. त्या कोणीतरी रानात उभे राहून दाखवाव्या लागतात आणि दोन-तीन हंगाम टिकवाव्या लागतात. हवामानबदलाला तोंड देण्याचे बहुतेक उपाय याच जातीचे आहेत. म्हणून विद्यापीठाचे तिसरे काम, म्हणजे विस्तार, आज सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अवघड झाले आहे.

२) हे होऊ शकते, याचा दाखला

जुन्या सभासदांना लोकरी मावा आठवत असेल. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात तो दिसला आणि बघता बघता पसरला. पानाखाली पांढरी लोकर, खालच्या पानावर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणी करणार तरी कशी?

त्या वेळी शास्त्रज्ञांनी मावा खाणारे मित्रकीटक दाखवून दिले. डिफा आणि मायक्रोमस ही नावे तेव्हा शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. हे कीटक शेडनेटमध्ये वाढविले गेले. मित्रकीटक असलेल्या पानांचे तुकडे एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन उसाच्या पानांना टाचण्यात आले. प्रयोगशाळेने कीटक ओळखले, कारखान्यांनी यंत्रणा दिली आणि शेतकऱ्यांनी ते आपापल्या रानात सोडले. ज्याच्या रानात मित्रकीटक वाढले होते त्याने 'फवारू नका' हा सल्ला पाळला, म्हणून शेजाऱ्यालाही कीटक मिळाले. एकट्या-दुकट्याने हे काम झाले नसते. हीच रीत आपल्याला हवामानाच्या कामात लावायची आहे.

३) पाचटाचे साधे गणित

एक एकर ऊस तुटल्यावर रानात साधारण ३ ते ४ टन पाचट पडते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. आता वहीवर हिशेब मांडा. पाचट साडेतीन टन धरले, तर नत्र झाले साडेसतरा किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे सुमारे ३८ किलो युरियाइतके नत्र. सेंद्रिय कर्ब झाला ११०० ते १४०० किलो.

काडी ओढली की यातला बहुतेक कर्ब आणि बरेचसे नत्र धुरावाटे जाते. पालाश राखेत मागे उरतो, तेवढेच काय ते समाधान. शिवाय जमिनीच्या वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू होरपळतात आणि कोवळे डोळेही भाजतात.

येथे एक प्रश्न येतो : "पाचट कुजले तरी वायू हवेतच जाणार, मग जाळले काय अन् कुजविले काय?" प्रश्न रास्त आहे. कुजतानाही बराच कर्ब हवेत जातो, हे खरे. परंतु त्यातला काही भाग ह्यूमस होऊन जमिनीत राहतो. उघड्यावर जाळताना कर्बवायूबरोबर काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साईडही निघतात, आणि गेलेल्या नत्राची भरपाई करण्यासाठी पुन्हा खताचे पोते आणावे लागते. ते खत तयार करतानाही इंधन जळतेच.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा फायदा ओलीचा आहे. पाचटाखालची जमीन उन्हात तापत नाही, ओल टिकते आणि दोन पाळ्यांतले अंतर वाढविता येते. २०२३ सारखा ऑगस्ट पुन्हा आला तर हीच ओल खोडव्याला चार दिवस जास्त तग धरायला लावेल.

४) करावयाची रीत

विद्यापीठाची शिफारस एकराच्या हिशेबात अशी बसते :

(अ) तोडणी झाल्याबरोबर बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून सरीत पसरावे. बुडख्यावर पाचट राहिले तर कोंब दबतात.

(आ) उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत.

(इ) पाचटावर ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावे. जिवाणू संवर्धक रासायनिक खतात मिसळू नये, ते शेणखतात मिसळून वेगळे पसरावे.

(ई) खोडव्याची खते पाचटावर फेकू नयेत. पहारीने भोक पाडून मुळांजवळ द्यावीत आणि भोक बुजवावे.

युरिया कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र तोकडे असते, साधारण सत्तरास एक असे प्रमाण पडते. कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्र लागते. ते पाचटात मिळाले नाही तर ते जमिनीतले नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग आपण म्हणतो, 'पाचटाने खोडवा बसला!' तसे नसते. जिवाणूंच्या ताटात वाढायचे राहून गेले, म्हणून त्यांनी खोडव्याच्या ताटातले खाल्ले, एवढेच.

५) सभासदांच्या अडचणी

गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला की काही अडचणी हमखास पुढे येतात. त्या खोट्या नाहीत.

पहिली अडचण पाण्याची. पाचट भरलेल्या सरीत पाणी लवकर पुढे सरकत नाही. त्यासाठी एक सरी पाचटाची आणि एक पाण्याची, असा एकाआड एक बेत धरता येतो. ठिबक असेल तर प्रश्नच मिटतो.

दुसरी अडचण पाणथळ रानाची. जेथे निचरा नाही तेथे पाचटाने ओल आणखी साचेल. अशा ठिकाणी आधी चर काढावेत, मग पाचटाचा विचार करावा.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि तिचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. आपण पाचट ठेवले आणि शेजाऱ्याने पेटविले तर ठिणगी आपल्याच रानात येते. मग माणूस म्हणतो, कोणीतरी जाळणारच, तर आपणच जाळून मोकळे होऊ. या भीतीपायी पाचट ठेवायची इच्छा असणारेही काडी ओढतात. म्हणून हा निर्णय एकट्याचा ठेवून भागणार नाही. बांधाला बांध लागून असलेल्या पाच-सात सभासदांनी एकत्र ठरविले तरच पाचट टिकेल. शास्त्र विद्यापीठ देईल, पण शिवाराचा एकोपा आपणच करायचा आहे.

६) कृषीदूत, गट आणि वही

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येतात, हे आपण पाहतो. 'कृषीदूत' आणि 'कृषीकन्या' म्हणून ती ओळखली जातात. बीजप्रक्रिया दाखवितात, माती नमुना कसा घ्यावा ते सांगतात, शाळेत झाडे लावतात आणि एके दिवशी निरोप घेऊन निघून जातात.

यात एक उणीव राहते, आणि ती मुलांची नव्हे. ही मुले साधारणपणे पावसाळ्यात येतात आणि गळीत हंगाम सुरू होता होता परततात. पाचट पडते तेव्हा ती गावात नसतात! शिवाय दरवर्षी तुकडी नवी. मागच्या तुकडीने कोणाच्या रानातली माती तपासली होती, हे नव्या तुकडीला ठाऊक नसते. जमिनीतला कर्ब एका हंगामात बदलत नाही, त्याला तीन-चार वर्षे लागतात. मग एवढा काळ धागा धरून ठेवणार कोण?

आमच्या मते तो धागा कारखान्याचा गट धरू शकतो. त्यासाठी आमची सूचना अशी आहे :

(१) प्रत्येक गटात लागून असलेल्या रानांचे पाच-सात सभासद निवडावेत. प्रत्येकाने खोडव्यात पाचट ठेवावे, आणि तुलनेसाठी दहा गुंठ्यांतले पाचट न जाळता बाहेर काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकावे.

(२) पावसाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांनी या रानांतले मातीचे नमुने घ्यावेत आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा गट ऑफिसच्या वहीत नोंदवावा. पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच रानात, त्याच ठिकाणी पुन्हा नमुना घ्यावा.

(३) पाण्याच्या पाळ्या, खताची पोती आणि मजुरी सभासदाने स्वतः लिहावी.

(४) ऊस तुटल्यावर दोन्ही तुकड्यांची वजने वेगळी घ्यावीत. तोडणीच्या वेळी मुकादमाला तसे आधी सांगून ठेवावे.

विद्यापीठाकडे प्रयोगशाळा आहे, आणि आपल्याकडे वजनकाटा आहे. लागणीची तारीख, तोडणीची तारीख, वाण आणि वजन एवढी माहिती आपल्या शेतकी खात्यात हंगामामागून हंगाम साठते. ती शास्त्रज्ञांसमोर नीट मांडली, तर आपल्या भागासाठी आपली अशी शिफारस निघू शकेल.

७) देणे आणि घेणे

हवामान सल्ल्याचेही असेच आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजावरून कृषी हवामान सल्ला निघतो. २०१९ पासून 'मेघदूत' ॲपवरही तो मिळतो. पण सल्ला वाचून पाळी पुढे ढकलली आणि पाऊस आलाच नाही, तर ते विद्यापीठाला कळविणारे कोण आहे? पाऊस पडला की नाही, हे तारखेनिशी गटाने कळवावे. केवळ ऐकून घेणारा शेतकरी आणि केवळ सांगणारा शास्त्रज्ञ, अशाने दोघांचेही शिकणे थांबते.

विद्यापीठाकडे आपले मागणे थोडके आहे. प्रात्यक्षिक तोडणीच्या दिवसांत व्हावे. तपासणीचा निकाल खोडव्याला खत देण्याआधी हातात यावा. आणि जेथे प्रयोग फसला तेथेही शास्त्रज्ञांनी येऊन बघावे, कारण शिकायला तेथेच जास्त मिळते.

आपल्याकडून द्यायचे तेही थोडकेच आहे : दहा गुंठे रान, एक वही आणि खरी नोंद. उतारा कमी आला तर कमीच लिहावा. खोट्या नोंदीवर निघालेली शिफारस शेवटी आपल्याच रानात येणार आहे.

येत्या हंगामात आपला ऊस तुटण्याआधी बांधाशेजारच्या सभासदांशी बोलून ठेवा आणि पाच-सात जणांनी मिळून गट ऑफिसात नावे नोंदवा. मुकादमालाही आधीच बजावून ठेवा की फडात काडी पडता कामा नये. पाचटासंबंधी काही शंका असतील तर त्या लिहून पाठवा. विद्यापीठापुढे ठेवण्यासारखे प्रश्न आम्ही तिकडे पोहोचवू आणि आलेली उत्तरे याच पत्रिकेत देऊ.

— ऊस विकास अधिकारी