एकच रविवार आहे ना, मग ओकायामा गाठ

अगं, ट्रेनिंगला ओसाकाला निघालीस हे काकूंकडून कळलं आणि पाठोपाठ तुझी यादीही आली. एका रविवारात क्योटो, नारा आणि हिरोशिमा! सगळा दिवस फलाटांवरच जाईल की. ताईचं ऐक आणि ओकायामाला जा. शिन-ओसाकाहून नोझोमी शिंकानसेन पाऊण तासात पोचवते.

ओकायामाच का? सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठव. त्यालाच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात आणि ते तिथल्या कोराकुएन बागेवरून बेतलंय. जायच्या आधी ते एकदा नीट बघून ये. तुमच्या निगडीची मेट्रो येईल तेव्हा येईल. बसनं पिंपरीला जा, तिथून स्वारगेटची मेट्रो धर, पुढे रिक्षा. मग तिकडे गेल्यावर आपल्याकडे काय उचललं नि काय राहून गेलं, ते तुझं तुलाच दिसेल.

कोराकुएन बांधली इकेदा त्सुनामासा या सरदारानं. 1687 साली काम सुरू झालं, 1700 मध्ये पुरं झालं. पसारा 13 हेक्टरांचा, म्हणजे आपल्या बागेच्या तिपटीहून मोठा. मला तिथं सगळ्यात काय आवडलं सांगू? सरदाराच्या शाही बागेत चक्क भातखाचरं आणि चहाचा मळा आहे! आणि र्‍युतेन चुकवू नकोस. चारी बाजूंनी उघडी, लाकडी खांबांची छोटी वास्तू आहे ती. तिच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि पाटात मोठमोठे दगड मांडलेत. तिथं मोबाईल पर्समध्ये टाकून अर्धा तास नुसती बस. फोटो नंतरही निघतील.

ओकायामाचा किल्ला नदीपलीकडे, त्सुकिमी पूल ओलांडला की आलाच. काळाकुट्ट, म्हणून त्याला कावळ्यांचा किल्ला म्हणतात. मूळचा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आताचा 1966 चा. आत लिफ्ट आहे! आपण राजगड-तोरणा चढणारी माणसं, मी तर म्हणते बाहेरूनच बघ.

आता पोटाचं. तू मासे खात नाहीस, म्हणून हे नीट वाच. तिथली प्रसिद्ध बाराझुशी वरून कधी साधी दिसली तरी भुलू नकोस. तिथल्या एका सरदारानं जेवणात काटकसरीचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी मासे भाताखाली दडवले, अशी तिची गोष्ट सांगतात. उदोनच्या रश्शात आणि मिसो सूपमध्येही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ एवढं म्हटलंस तर मांस-मासे वगळतील, पण दाशीचं वेगळं विचारावं लागतं. सरळ पिशवीत ठेपले ने. फळांवर मात्र हात आखडू नकोस. उन्हाळ्यात गेलीस तर पांढरं पीच खा. झाडावरच्या एकेका फळाला हातानं कागदी पिशवी बांधतात, म्हणून ते इतकं नाजूक निघतं. महाग आहे, पण एक तरी खाच. इकडे आणायच्या फंदात मात्र पडू नकोस.

खरेदीला ओमोतेचोची छपराखालची बाजारपेठ बरी, पाऊस असला तरी अडत नाही. शंभर येनच्या दुकानात कर धरून 110 येन होतात, आणि ‘एवढंसंच तर आहे’ म्हणत बॅग भरते, सांभाळ. घ्यायचंच तर बिझेनची मातीची एक वाटी घे. तिच्यावर झिलई नसते. भट्टीतली राख आणि जाळ जे रंग उमटवतील तेच. ट्राममध्ये मागून चढून उतरताना पुढे पैसे टाकायचे असतात, तेव्हा चिल्लर हाताशी ठेव. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे दिसत नाहीत, एक रिकामी पिशवीही असू दे.

आणि ऑफिससाठी रिकाम्या हातानं परतू नकोस. बाहेरगावाहून आलं की सगळ्यांना खाऊ वाटायचा, ही तिथली रीतच आहे. स्टेशनवरच किबीदांगो मिळतात. लोककथेतल्या, पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोनं कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला देऊन सोबत घेतलं, तेच हे. चिकट तांदळाचे, उकडीच्या पारीसारखे मऊ. तुझे जपानी साहेब खूश होतील आणि चाकणच्या प्लांटमधली मंडळीही. साध्या चवीचेच घे, त्यात सहसा अंडं नसतं. म्हणजे एक डबा काकूंनाही चालेल.