धावपट्टीवरील दिव्यांची भाषा

नगर-सोलापूर मार्गावर मिरजगावनजीक रात्री वाहन हाकणाऱ्यास पुढे तांबडा दिवा दिसला तर गाडी त्याच दिशेने चालली आहे आणि पांढरा झोत दिसला तर ती समोरून येत आहे, हे सांगावे लागत नाही. विमानतळावरील दिव्यांची योजना याच तत्त्वावर आधारलेली आहे. याच जिल्ह्याच्या उत्तर भागात काकडी येथे शिर्डी विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला. तेथे प्रवासी विमाने रात्री उतरू लागली ती मात्र २०२५ मध्ये. त्यामुळे हा विषय आता जिल्ह्याला परका राहिलेला नाही.

धावपट्टीच्या दोन्ही कडांना पांढरे दिवे असतात. उपकरणांच्या साहाय्याने उतरावयाचे असल्यास दोन दिव्यांमधील अंतर ६० मीटरपेक्षा अधिक नसावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लांब धावपट्टीवर अखेरच्या ६०० मीटरांत हेच दिवे पिवळे दिसतात. जमीन संपत आल्याची ती सूचना होय. धावपट्टीच्या प्रारंभी हिरव्या दिव्यांची आडवी रांग असते, तर शेवटी तांबड्यांची. डाव्या अंगास चार दिव्यांचा एक संच असतो. त्यातील दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर विमान योग्य उतारावर आहे असे समजावे. हा उतार सामान्यतः ३ अंशांचा असतो. चारही तांबडे दिसणे म्हणजे विमान धोकादायकरीत्या खाली आले आहे.

धावपट्टीकडे नेणाऱ्या जोडमार्गाच्या कडा निळ्या आणि मध्यरेषा हिरवी असते. म्हणजे हिरव्या रंगाचे अर्थ दोन : आडवी रांग उंबरठा दाखविते, उभी रांग जोडमार्ग. तेव्हा रंगाइतकेच स्थानही महत्त्वाचे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेई येथे मुसळधार पावसात सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाने हिरव्या मध्यरेषेमागून जाऊन दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून उड्डाण आरंभिले. योग्य धावपट्टीची मध्यरेषा पांढरी होती. विमान बांधकामाच्या यंत्रांवर आदळून ८३ जण मृत्युमुखी पडले.

विमानतळालगतच्या ग्रामपंचायतींचा संबंध येतो तो येथेच. विमानतळावरील दिव्यांचा भास निर्माण करणारे अथवा वैमानिकाचे डोळे दिपविणारे दिवे लावण्यास विमान नियम, १९३७ अन्वये मनाई आहे. वरातीतील लेझर झोत, आकाशाकडे वळविलेले प्रखर दिवे आणि उडते आकाशकंदील यांबाबत परवानगी देताना हे ध्यानी घेणे आवश्यक आहे. रस्त्यावरील दिव्यांना वरून झाकण बसवून प्रकाश खाली पाडला, तर गावाचाही वीजखर्च वाया जात नाही.