क्रिल मला काय शिकवून गेला

२०१४ साली नोकरीनिमित्त मी चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरात गेले आणि तीन वर्षं राहिले. घरमालकीणबाई सत्तरीच्या. रविवारी त्या क्नेडलिक करायच्या, म्हणजे पिठाचा उकडलेला लांबट गोळा. तो सुरीने कापला तर चिकटतो, म्हणून दोऱ्याचा फास घालून ओढायचा. मऊ, गोल चकती अलगद सुटते. एकदा दोरा ओढता ओढता बाई काहीतरी गुणगुणत होत्या. मी लालबागची, युनियनच्या कलापथकात गाणाऱ्या बापाची मुलगी. स्वतःही गाणी बांधते नि गाते. कुणाचं गाणं, म्हणून विचारलं. "कारेल क्रिल," म्हणाल्या, आणि दोरा बाजूला ठेवून हात पुसले. तेव्हापासून आजतागायत मी या चेक गाणाऱ्या माणसाच्या मागे आहे. त्यात जे उमगलं ते मांडते.

१. वीज गेली तरी गाणं उरलं पाहिजे.

बर्नोला जायच्या आधीची गोष्ट. गिरणी कामगारांच्या घरांसाठीच्या एका मोर्चात माझं गाणं होतं. कीबोर्ड, ढोलकी, दोन माईक, चार जणींचा कोरस, मधे लांबलचक म्युझिक. दुसऱ्या कडव्याला जनरेटर बंद पडला. हजारभर माणसं समोर, पण त्यांतल्या एकालाही ते पुढे उचलता आलं नाही. दोष जनरेटरचा म्हणून मी बरीच वर्षं समाधान करून घेतलं. ते समाधान क्रिलने मोडलं.

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा करारातल्या देशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. क्रिल तेव्हा २४ वर्षांचा होता. लगोलग त्याने एक गाणं लिहिलं, 'ब्रात्र्झीच्कु, झावीरेय व्रात्का'. एक गिटार नि एक आवाज, बस्स. मोठा भाऊ धाकट्याला धीर देतो आणि फाटक लावून घ्यायला सांगतो. रशियाचं नाव नाही, पुढाऱ्याचं नाव नाही, मुर्दाबाद नाही. १९६९ च्या सुरुवातीला पँटॉन कंपनीने त्याच नावाची तबकडी काढली आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर बंदी आली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोकांनी ती टेपवर उतरवली, शब्द वहीत लिहून घेतले, आणि पुढची वीस वर्षं रानात शेकोटीभोवती पोरं ती गाणी म्हणत राहिली. घरमालकीणबाईंची वही मी हातात घेऊन पाहिली आहे. चौकटीचा कागद, फिकट निळी शाई, शब्दांच्या डोक्यावर कॉर्ड्सची अक्षरं लाल पेन्सिलने. पानाच्या कोपऱ्यावर मेणाचा डाग होता. आता नवं गाणं बांधलं की पहिल्यांदा मी ते स्वयंपाकघरात, नुसतं टाळीवर म्हणून बघते. तिथे टिकलं तरच पुढे नेते.

२. गाणं आपल्या पक्षाचं असेलच असं नाही.

हे मला जड गेलं, अजून जातं. आमच्या खोलीत सोव्हिएत रशियातून आलेली स्वस्त पुस्तकं होती. तिथल्या मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं माझ्या शाळेच्या वह्यांना असायची. अण्णाभाऊ साठे आणि अमरशेख यांची गाणी मी पाळण्यात ऐकली. रणगाडा म्हणजे हिटलरला हरवणारा, लाल ताऱ्याचा, आपला. आणि इथे एक पोरगा गिटार घेऊन सांगत होता की तोच रणगाडा त्याच्या फाटकाशी उभा आहे.

पहिले काही महिने मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडले. भांडवलदारी प्रचार वगैरे जे शब्द लहानपणापासून कानांवर होते ते सगळे वापरून झाले. मग त्याचं चरित्र वाचलं. त्याचा जन्म १९४४ चा, मोराव्हियातल्या क्रोम्येर्झीशचा. घरचा छापखाना होता नोवी यिचीन या गावी, नेटकी, देखणी पुस्तकं छापणारा. १९५० साली कम्युनिस्ट राजवटीने तो मोडून टाकला. क्रिल तेव्हा सहा वर्षांचा. १९८२ च्या संपात बाबांची गिरणी गेली तेव्हा मीही सहा वर्षांची होते. बाबांनी पगाराच्या दिवशी रिकाम्या हातांनी घरी येऊन चपला किती हळू काढल्या ते मला आठवतं. कोणी मोडलं हे त्याच्या घरी वेगळं, माझ्या घरी वेगळं. पोराच्या डोळ्यांना जे दिसतं ते तेच. त्या दिवशी माझं भांडण संपलं. अमरशेख माझ्या मनातून उतरले नाहीत, उतरणारही नाहीत. त्यांच्या शेजारी क्रिल येऊन बसला, इतकंच.

३. हातकाम शिकलेला माणूस शब्दही तसेच घडवतो.

क्रिल बेखिन्ये गावच्या मातीकामाच्या शाळेत शिकला होता. त्याची यमकं चाकावरच्या भांड्यासारखी आहेत, आतून-बाहेरून सारख्या जाडीची. ओळीच्या शेवटी यमक असतंच, पण मधल्या मधेही असतं, आणि अर्थ कुठे ओढाताण करून बसवलेला वाटत नाही. एक कडवं चार चार दिवस घासायला मी त्याच्यापासून शिकले.

४. दूर गेलेला आवाजही घरात येतो, पण त्याची किंमत गाणारा मोजतो.

सप्टेंबर १९६९ मध्ये तो पश्चिम जर्मनीत एका गाण्यांच्या महोत्सवाला गेला आणि परतला नाही; आश्रय मागितला. पुढे म्युनिकमध्ये रेडिओ फ्री युरोपवर काम केलं. घरमालकीणबाई सांगत, रात्री त्यांचा भाऊ गोधडीखाली रेडिओ घेऊन बसायचा. सरकार मुद्दाम खरखर सोडायचं, १९८८ च्या डिसेंबरपर्यंत ते चालू होतं. त्या खरखरीतून आवाज वर यायचा, बुडायचा, पुन्हा यायचा. "आम्ही अर्ध्या ओळी ऐकल्या," बाई म्हणाल्या, "उरलेल्या आम्हाला पाठ होत्या."

हे ऐकायला सुंदर वाटतं. पण गाणारा वीस वर्षं आपल्या श्रोत्यांची तोंडं न बघता गात होता. १९८९ च्या नोव्हेंबरअखेर, राजवट कोसळत असताना, तो मायदेशी आला तो आईच्या अंत्यविधीला. मी परदेशात होते तेव्हा दर रात्री आईला व्हिडिओ कॉल करत होते, तरी घशाशी यायचं.

५. टाळ्या मिळाल्यावरही खरं ते बोलायचं.

४ डिसेंबर १९८९ ला प्रागच्या वेन्सेस्लास चौकातल्या सज्जातून त्याने कारेल गॉटबरोबर राष्ट्रगीत म्हटलं. गॉट हा जुन्या राजवटीतही गाजलेला लाडका गायक, आणि हा हद्दपार. पुष्कळांना ती जोडी रुचली नाही. क्रिलने त्यानंतर आरामात राष्ट्राचा लाडका होऊन राहायला हवं होतं, निदान लोकांची तशी अपेक्षा होती. त्याने नव्या पुढाऱ्यांवर गाणी केली. 'डेमोक्रात्सिए' नावाचं गाणं केलं. १९९३ च्या १ जानेवारीला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, त्याला त्याने आधीपासून कडाडून विरोध केला होता. कालचे मित्र म्हणू लागले, हा कडवट झाला, ह्याला आता काही कळत नाही. मला तो कडवट वाटत नाही. फाटकाशी उभं राहून पाहणारा माणूस तोच होता. फक्त आता रस्त्यावरून दुसरी मंडळी येत होती. ३ मार्च १९९४ ला तो जर्मनीत वारला, पन्नाशीला महिना-सव्वा महिना उरला असताना. प्रागच्या ब्र्झेव्नोव्ह दफनभूमीत त्याला ठेवलं आहे. मी गेले त्या दिवशी पाऊस होता. काचेतला एक दिवा कुणीतरी नुकताच लावून गेलं होतं.

६. भाषांतर घरच्या माणसाकडून तपासून घ्यावं.

'ब्रात्र' म्हणजे भाऊ. आपला 'भ्राता' आणि तो एकाच कुळातले. 'ब्रात्र्झीचेक' हे त्याचं लाडकं, छोटं रूप, आणि हाक मारली की 'ब्रात्र्झीच्कु'. 'भावड्या' मला लगेच सापडलं. अडलं 'व्रात्का'शी. दार म्हटलं तर घराचं होतं, फाटक म्हटलं तर बंगल्याचं किंवा रेल्वेचं. 'व्रात्का' अंगणाच्या कुंपणातलं लहानसं, लाकडी असतं.

परत आल्यावर मी बाबांना मोबाईलवर गाणं ऐकवलं. रणगाडे कोणाचे तेही सांगितलं, लपवलं नाही. ते बराच वेळ खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बघत राहिले, जिथे पूर्वी गिरणीची चिमणी होती. मग माझ्या भाषांतराचा कागद मागितला. चष्मा लावून वाचला. 'दार' या शब्दावर बोट ठेवलं.

"दार नाय गो," ते म्हणाले, "बेडां तां."

मालवणच्या घराचं बेडं. पावसाळ्यात फुगून अडकणारं, उचलून ढकलावं लागणारं. मी पेन घेतलं. बाबा म्हणाले, "आता परत लाव, पयल्यापासून."