चित्रकलेचा पाठ : वाघाचे पट्टे
(इयत्ता चौथीसाठी)

हिमायतनगरच्या उत्तरेस पैनगंगा वाहते व नदीपलीकडे पैनगंगा अभयारण्याचे जंगल आहे. येथील मुलांस वाघ काढावयास सांगितला, तर बहुतेक मुले उघडा जबडा, बाहेर आलेले सुळे आणि अंगावर सारख्या अंतराच्या रेघा काढतात. तो भीतीने काढलेला वाघ होय. भीतीच्या जागी ओळख यावी, हा या पाठाचा उद्देश आहे.

साहित्य : गेरूने सारवलेली भिंत अथवा जुना पुठ्ठा, तांदळाच्या पिठाची पेज, टोक ठेचलेली बांबूची काडी. पालघरकडील वारली लोक याच साहित्याने चित्रे काढतात. ते वाघास देव मानतात व वाघबारशीस त्याची पूजा करितात. या कलेतील जिव्या सोमा म्हसे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली.

प्रतिपादन : कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एकाच वाघाच्या दोन कुशींवरील पट्टेही भिन्न असतात. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून वन विभाग पट्ट्यांवरूनच वाघ ओळखतो व मोजतो. बिबट्यास पट्टे नसून फुलांसारख्या ठिपक्यांची वर्तुळे असतात. हा भेद शिक्षकाने फळ्यावर काढून दाखवावा.

कृती : प्रत्येक मुलाने आपला वाघ निराळ्या पट्ट्यांचा काढावा. नंतर चित्रे मिसळून, कोणता वाघ कोणाचा हे पट्ट्यांवरून ओळखावयास सांगावे.

माहिती : २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे ही वाट कळली. अशी वाट शेतांतून व गावांच्या शिवारांतून जाते. चित्राचेही या कामी साहाय्य झाले आहे. १९७३ साली भारतात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्याच वर्षी डेव्हिड शेफर्ड या इंग्रज चित्रकाराच्या वाघाच्या एका चित्रातून वाघांच्या रक्षणासाठी सव्वा लाख पौंडांहून अधिक निधी जमला.

समारोप : वाघाने जनावर मारल्यास वन विभागाकडून भरपाई मिळते, हे मुलांस सांगावे व घरीही सांगावयास लावावे. मेलेल्या जनावरावर रागाने विष घातले, तर जो वाघ मरतो त्याचे पट्टे पुन्हा कोणत्याही वाघावर दिसणार नाहीत. वाघाचा माग दिसल्यास मुलांनी जवळ जाऊ नये. वडीलधाऱ्यांस व त्यांच्यामार्फत वनरक्षकास कळवावे.

स्वाध्याय : गावातील वृद्धांस वाघाविषयी विचारून पाच ओळी लिहाव्यात.