मांजरीचे नख तुटल्यास

मूलला आमच्या घरी धानाच्या पोत्यात अडकून मनीचे नख तुटले. ओसरीभर रक्ताचे ठिपके! घरच्यांनी लगेच पॅरासिटामॉलची गोळी काढली. ती मी हिसकावूनच घेतली. माणसाचा ताप उतरवणारी ही गोळी मांजराच्या यकृताला पेलत नाही. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. मनीला टॉवेलात गुंडाळले, नखाला कॉर्नफ्लोअर लावले आणि स्वच्छ फडक्याने १० मिनिटे दाबून धरले. मध्येच उघडून पाहू नये, साकळलेले रक्त निघते. नख लोंबत असेल तर ओढू नये. रक्त थांबले नाही तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

या झटापटीत मलाही रक्त येईपर्यंत ओरखडा बसलाच. तो साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतला आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू केली. मनी पाळीव खरी, पण रात्री गावभर हिंडते.