थकबाकीची यादी आणि संगणकातील ‘विझार्ड’

ग्रामपंचायतीच्या दप्तरात कराची मागणी नमुना ९ मध्ये नोंदली जाते व वसुलीची पावती नमुना १० मध्ये दिली जाते. या दोहोंचा ताळा घेऊन थकबाकीदारांची यादी काढणे हे काम वरकरणी किरकोळ वाटते. परंतु बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ अन्वये अपात्र ठरू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे यादीतील एकेका नावाचे मोल कळून येते.

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘अ‍ॅक्सेस’ या प्रणालीत अशा कामाची सोय आहे. तिच्यातील मार्गदर्शक साधनांना ‘विझार्ड’ म्हणतात. शब्दाचा अर्थ मांत्रिक असला तरी प्रत्यक्षात हा एकामागून एक प्रश्न विचारणारा आणि मिळालेल्या उत्तराबरहुकूम निमूटपणे काम करणारा कारकून होय. उत्तर चुकले तर तो हटकत नाही.

एक्सेलमधील याद्या अ‍ॅक्सेसमध्ये घेताना पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षके आहेत काय, असे विचारले जाते. त्यानंतर प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवावयाचा असतो. मालमत्ता क्रमांक एका यादीत मजकूर व दुसरीत संख्या म्हणून नोंदला गेल्यास पुढे दोन्ही याद्या जुळत नाहीत. मजकूर म्हणून नोंदलेले ‘१२/अ’ आणि ‘१२ / अ’ हेही संगणकाच्या लेखी भिन्नच. नावावरून जुळणी करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण ‘पाटील’ व ‘पाटिल’ ही त्याच्या दृष्टीने दोन कुटुंबे ठरतात.

‘क्रिएट’ या विभागातील ‘क्वेरी विझार्ड’ उघडल्यावर चार प्रकार दिसतात. प्रथम ‘फाइंड डुप्लिकेट्स’ घ्यावा. एकच मालमत्ता क्रमांक मागणीच्या यादीत दोनदा आला असल्यास तो दाखवून देतो. कोणती नोंद खरी, हे मात्र मूळ नोंदवही पाहूनच ठरवावे लागते.

त्यानंतर ‘फाइंड अनमॅच्ड’. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम मागणीची यादी व नंतर पावत्यांची यादी निवडली, तर पावती नसलेल्या मालमत्ता मिळतात. क्रम उलटला की मागणीत नसलेल्या क्रमांकांच्या पावत्या हाती येतात. ही दुसरी यादीही अवश्य काढावी. पावतीवर चुकीचा क्रमांक पडल्यामुळे कर भरूनही थकबाकीदार ठरलेली माणसे बहुधा तेथेच सापडतात.

तरीही दोन फटी राहतात. पावत्यांच्या यादीत मागील वर्षाच्या पावत्या मिसळल्या असतील, तर यंदा काहीच न भरलेला खातेदार थकबाकीतून निसटतो. म्हणून चालू वर्षाच्या पावत्यांची वेगळी क्वेरी करून तीच विझार्डला द्यावी. तसेच निम्मा कर भरणाऱ्याच्या नावे पावती असल्याने तोही या यादीत येत नाही. त्यासाठी ‘सिंपल क्वेरी विझार्ड’मध्ये पावत्यांतील मालमत्ता क्रमांक व रक्कम हे दोनच रकाने निवडून ‘समरी’ हा पर्याय घ्यावा आणि रकमेची बेरीज मागावी. प्रत्येक मालमत्तेचा एकूण भरणा मिळतो व तो मागणीशी ताडता येतो.

‘लिब्रेऑफिस बेस’ ही प्रणाली विनामूल्य असून तीतही क्वेरी, फॉर्म व रिपोर्ट यांचे विझार्ड आहेत. परंतु न जुळणाऱ्या नोंदी शोधण्याची क्वेरी तेथे स्वतः रचावी लागते.