एकसष्टाव्या दिवसाची चिठ्ठी

अगं, पेढे नंतर वाट. सोमवारी लोक अभिरक्षक कार्यालयात रुजू व्हायच्या आधी मामाचं जरा ऐकून घे. कोर्टाच्या नक्कल विभागात माझी ३० वर्षं गेली. तेव्हा असं कार्यालय नव्हतं. गरीब आरोपीला पॅनेलवरचा वकील मिळायचा, आणि तो स्वतःची खासगी कामं सांभाळून जमेल तेव्हा त्याच्याकडे बघायचा. २०२२च्या योजनेनंतर पगारी, पूर्णवेळ वकील आले. पण दिवसभर ते या कोर्टातून त्या कोर्टात. टेबलापाशी सापडणार तू. आत असलेल्या माणसाची आई तुझ्यासमोर येऊन उभी राहणार.

तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागू नकोस. मुलगा कोठडीत आहे, एवढं पुरे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्याला मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो. दाखल्यासाठी तहसीलला पाठवलंस तर तिची दिवसाची मजुरी बुडते. मात्र तिलाच कुणी मारलंय म्हणून ती आली असेल, तर ते काम आपलं नव्हे. आपण आरोपीचे. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे स्वतः नेऊन सोड. नुसतं बोट दाखवून मोकळी होऊ नकोस, जिन्यावरूनच माघारी जातात बायका.

नाव लिहिताना डोळ्यांत तेल घाल. एका पोराचा जामीन झाला, आदेश तुरुंगात पोचला आणि तसाच परत आला. तुरुंगाच्या वॉरंटवर बापाचं नाव ‘दगडू’, आदेशात ‘दादू’. शुक्रवार होता. दुरुस्तीचा अर्ज सोमवारी, सही मंगळवारी. पोरगं चार रात्री जास्तीच्या आत राहिलं. ती नक्कल ताडून मीच दिली होती. चूक वरच्या कागदातली म्हणून मी तेव्हा हात झटकले. तू वकीलपत्र, एफआयआर आणि तुरुंगातली नोंद, तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळव.

आता खरी गोष्ट. कॉम्प्युटर असला तरी एक जाड रजिस्टर कर. त्यात अटकेची नव्हे, पहिल्या रिमांडची तारीख लिही आणि तो दिवस धरून मोज. दोषारोपपत्राला गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवस, काही खास कायद्यांत त्याहूनही जास्त. कुठला आकडा लागू, हे वकिलांना विचारूनच लिही, स्वतःची अक्कल चालवू नकोस. मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो. आपण गप्प बसलो आणि दुपारी पोलिसांनी गठ्ठा आणून ठेवला, की हक्क गेला! म्हणून ६० दिवसांची केस असेल तर ५५व्या दिवशी वकिलांच्या टेबलावर चिठ्ठी, आणि ६१व्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधी अर्ज टाइप करून तयार. साहेब करवादतील. करवादू दे.

जामीन झाला म्हणजे सुटला, असंही धरू नकोस. जामीनदार मिळत नाही म्हणून कितीतरी जण आतच राहतात. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलंय, जामिनानंतर ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटला तर कोर्ट अटी सैल करायचा विचार करू शकतं. त्यांच्या कळवण्याची वाट बघू नकोस. रजिस्टरात दोन रकाने आख, ‘जामीन झाला’ आणि ‘बाहेर आला’. दुसरा रिकामा दिसला की फोन उचल.

बाकी किरकोळ. कुणाचा चहासुद्धा घेऊ नकोस; केळी आणली तर त्यांच्याच पोरांच्या हातात दे. पैरवीचा हवालदार गोड बोलून विचारेल, काय म्हणतो तुमचा पाहुणा? त्याला पावसापाण्याचं सांग. आणि गुन्हा खरंच केला का, हे त्या आईला कधी विचारू नकोस.

रजिस्टर मात्र रविवारीच बाजारातून घेऊन ये, दोनशे पानी. सरकारी स्टेशनरी यायला महिना लागतो.